कृपेचा प्रथमपुरुष

‘स्मृतिचित्रे’ आवडत नाही असे म्हणणारा मराठीचा प्राध्यापक आम्हांला आजवर भेटलेला नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या या आत्मचरित्राविषयी मराठीत जेवढे एकमत आहे तेवढे दुसऱ्या एखाद्या पुस्तकाविषयी क्वचितच असेल. प्रांजळ, निर्व्याज, खेळकर, घरगुती, भोळेभाबडे, ‘फारसे शिक्षण नसतानाही’ इतके सुंदर : विशेषणांची ही माळ आम्ही विद्यार्थी असताना वहीत उतरवून घेतली आणि पुढे प्राध्यापक झाल्यावर विद्यार्थ्यांना उतरवून दिली. ‘लक्ष्मीबाईंच्या विनोदाचे स्वरूप स्पष्ट करा’, ‘टिळक पतिपत्नींच्या सहजीवनाचे चित्र रेखाटा’ हे प्रश्न आम्ही सोडवले, नंतर काढले, नंतर तपासले. बाईंची श्रद्धा या पुस्तकाच्या घडणीत काही काम करते काय, हा प्रश्न आम्ही ना सोडवला, ना काढला. पुढील आरोप मराठी समीक्षेवर आहे. परंतु आरोपीच्या पिंजऱ्यात पहिले आम्ही उभे आहोत, हे आधीच नमूद करतो.

आरोप असा की, आपण या पुस्तकातला विनोद घेतला आणि तो ज्या जमिनीत उगवला ती जमीन तेवढी वगळली. धर्मांतर हा कथानकातला एक पेच मानला. १८९५ मध्ये नवरा ख्रिस्ती झाला, बायको चार-पाच वर्षे दूर राहिली, १९०० मध्ये तिनेही बाप्तिस्मा घेतला, पेच सुटला. त्यापुढची श्रद्धा ही बाईंची खाजगी बाब, तिच्याशी वाङ्मयाचा संबंध काय, अशी आपली समजूत. इंग्रजी भाषांतरांची शीर्षकेही या दृष्टीने बोलकी आहेत. जोसेफिन इंकस्टर यांच्या १९५० च्या भाषांतराचे नाव ‘आय फॉलो आफ्टर’. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात पौल स्वतःला ‘अजून न पोहोचलेला, पण मागे लागलेला’ म्हणवतो, त्याची आठवण देणारे. शांता गोखले यांच्या २०१७ च्या भाषांतराच्या उपशीर्षकात मात्र एका तडफदार पत्नीच्या आठवणी आहेत. या भाषांतराबद्दल आमची तक्रार नाही. तडफ होतीच, आणि पत्नीही होतीच. परंतु मधल्या सदुसष्ट वर्षांत वाचकाची नजर कोठून कोठे सरकली हे या दोन नावांवरून दिसते. चालणारी बाई दिसत राहिली. ती कोणाच्या मागे चालली होती ते दिसेनासे झाले.

आम्ही हे का लिहीत आहोत, ते सांगणे भाग आहे. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. एक ख्रिस्ती घरात वाढला, दुसरा वारकरी घरात. काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी पहिल्याचा आवाज गेला. स्वरयंत्राचा एक तंतू निकामी झाला आणि तासभर व्याख्यान देणाऱ्या माणसाच्या तोंडून जेमतेम कुजबुज निघू लागली. अध्यापकाचा आवाज जाणे म्हणजे सुताराचा हात जाण्यासारखेच. त्या काळात त्याला तीन प्रकारचे उपदेशक भेटले. पहिले स्टाफरूममधले. ‘सकारात्मक विचार ठेवा, मनाची शक्ती अफाट असते,’ असे ते म्हणाले. दुसरे चंगाई सभांना जाणारे. ‘प्रभू बरे करायला तयार आहे, तुमचाच विश्वास तोकडा पडतो आहे,’ असे त्यांनी ऐकवले. तिसरे जुन्या वळणाचे. ‘ही देवाची इच्छा, मुकाट्याने सोसा, त्यातच आशीर्वाद आहे.’ तिघांचेही हेतू चांगले होते. तिघेही धडधाकट होते. आणि तिघांच्याही वाक्यांत एक गोष्ट सारखी होती, जी आम्हां व्याकरण शिकवणाऱ्यांच्याही फार उशिरा ध्यानात आली. तिन्ही वाक्ये द्वितीयपुरुषी होती.

आवाज अर्धाच परत आला. तोवर तास चालू ठेवायचे म्हणून बाके पुढे ओढून घेतली आणि ‘स्मृतिचित्रे’ विद्यार्थ्यांकडूनच आळीपाळीने मोठ्याने वाचून घेतले. आपल्या आवाजात समजावून सांगण्याची सोय नसल्यामुळे पुस्तकाला प्रथमच मोकळेपणी बोलता आले, असे आता वाटते. मुले हसत होती. एके दिवशी वाचता वाचता एक मुलगी थांबली आणि म्हणाली, “सर, यांच्यावर एवढे गुदरले, तरी या स्वतःवर हसतात कशा? रडत बसत नाहीत, आणि कोणाला शिव्याशापही देत नाहीत.” टिपणवहीतले उत्तर आमच्याजवळ होते : विनोदबुद्धी उपजत होती. ते दिले. तिचे समाधान झाले नाही. खरे म्हणजे आमचेही झाले नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे.

उत्तरासाठी आधी पौलाकडे जावे लागते. दुर्बलतेत सामर्थ्य पूर्णत्वाला जाते, हा ख्रिस्ती विचार त्याच्या करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातला, बाराव्या अध्यायातला. ख्रिस्ती घरांत हे वचन चौकटीत बसवून भिंतीवर टांगलेले असते, आणि चौकटीत बसलेल्या वचनाचे जे होते तेच त्याचेही झाले आहे : मागचेपुढचे सुटले आहे. मुळात ते एका भांडणातले वाक्य आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास करिंथच्या मंडळीत काही रुबाबदार प्रचारक शिरले होते. पौलाची पत्रे वजनदार खरी, पण माणूस समोर आला की किरकोळ आणि बोलणे तर अगदीच टाकाऊ, अशी त्याची टवाळी चालली होती. (आवाज गेलेल्या आमच्या मित्राला हा तपशील फार जवळचा वाटला.) पौल उत्तर देतो ते मोठे विलक्षण आहे. तुम्ही बढाया मारता, तर मीही वेड्यासारखी मारतो, असे म्हणून तो आपल्या पराक्रमांची यादी देतो. आणि त्या यादीत फटके, तुरुंग, फुटलेली गलबते, उपासमार यांखेरीज काही नाही. शेवटी येते दमास्कसची गोष्ट. रोमन सैन्यात शत्रूच्या तटावर पहिला चढणाऱ्या शिपायाला मुकुट देत असत. पौल सांगतो की, मला पाटीत बसवून तटाच्या खिडकीतून खाली सोडले. करिंथ ही रोमन वसाहत. तेथल्या वाचकांना यातली मिस्कीली कळली नसेल, हे संभवत नाही. स्वतःची फजिती हीच आपली बढाई म्हणून सांगणारा माणूस आहे हा. दुर्बलतेचे वचन या हसण्याच्या लगेच पुढे येते.

आणि त्या वचनाच्या आधी एक नकार आहे. पौलाच्या देहात एक काटा होता. कसला, याची चर्चा भाष्यकार करीत आले आहेत; पौलाने ते सांगितलेले नाही. तो काढून टाकावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. उत्तर मिळाले ते कृपा पुरेशी असल्याचे. चंगाईच्या व्यासपीठावरून ज्यांना विश्वासाची मापे काढण्याची सवय आहे त्यांनी एवढे सांगावे की, पौलाचा विश्वास नेमका किती तोळे कमी पडला? मूळ ग्रीक शब्द ‘आस्थेनेइया’. त्यात आजारपणही येते आणि निर्बळपणाही. मराठी बायबलातला ‘अशक्तपणा’ हा शब्द म्हणूनच चपखल आहे. तो घरातला शब्द आहे, डॉक्टरच्या दारातला शब्द आहे. त्याला तत्त्वज्ञानाचा वास नाही.

आता आमचा मुख्य मुद्दा. या उताऱ्यातली क्रियापदे पाहावीत. पौल ‘मी’ म्हणतो. माझा काटा, माझी विनवणी, माझा अशक्तपणा, मला मिळालेले उत्तर. करिंथमधल्या भुकेल्यांना उद्देशून ‘तुम्ही दुबळे आहात ते बरे आहे’ असे तो कोठेही म्हणत नाही. उलट याच मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, प्रभुभोजनाच्या वेळी खातेपिते लोक आधी जेवून घेतात आणि गरीब उपाशी राहतात हे कळल्यावर तो संतापतो. ज्या दुसऱ्या पत्रात काट्याची कथा आहे त्याच पत्रात चार अध्याय आधी तो यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी मागतो, आणि कारण देतो ते समानतेचे : एकाच्या विपुलतेने दुसऱ्याची तूट भरून निघावी. स्वतःच्या तुटीत कृपा शोधणारा हा माणूस दुसऱ्याच्या तुटीपुढे पैशाची थैली शोधतो. हाच कृपेचा प्रथमपुरुष. ‘माझ्या अशक्तपणात मला बळ मिळाले’ ही साक्ष आहे. ‘तुझ्या अशक्तपणातच तुझे बळ आहे, तेव्हा गप्प राहा’ हा जुलूम आहे. शब्द जवळजवळ तेच; पुरुष बदलला की धर्माचा अधर्म होतो.

पौलाच्या नावावरील पत्रांत दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे अशीही वचने आहेत आणि त्यांचा उपयोग शतकानुशतके कसा झाला, हे आम्ही विसरलेलो नाही. ती काट्याच्या कथेशेजारी ठेवावीत. द्वितीयपुरुष काय करू शकतो ते त्याच ग्रंथात दिसते.

ही कसोटी घेऊन ‘स्मृतिचित्रे’कडे परत जाऊ. पुस्तकाच्या आरंभी वडिलांचे सोवळे आहे. १८५७ च्या धामधुमीत घराण्यातल्या वडीलधाऱ्याला फाशी झाली, त्या धक्क्याने त्यांच्या मनात विटाळाची भीती बसली आणि सारे घर धुण्यापुसण्यात बुडाले. सोवळे हीसुद्धा बळाचीच एक कल्पना आहे : मला काही शिवू शकत नाही, हे ते बळ. मनुताईंचे, म्हणजे लहानग्या लक्ष्मीबाईंचे, बालपण या भीतीच्या धाकात गेले, आणि पुढे तेच सोवळे त्यांनी स्वतःही उचलले. नवरा ख्रिस्ती झाल्यावर त्या पंढरपुरास होत्या, जनलज्जेने आणि दुःखाने पार खचलेल्या. पुढे तेव्हाच्या अहमदनगरला नवऱ्याजवळ आल्या त्या वेगळी चूल मांडून. आणि मग एक दिवस, बाप्तिस्म्याच्याही आधी, त्यांच्या मनाने घेतले की जात देवाने केलेली नाही, माणसाने केली आहे, आणि यापुढे कोणाच्याही हातचे पाणी चालेल. नवरा वर्षानुवर्षे जे पटवून देऊ शकला नव्हता ते त्यांचे त्यांना पटले.

या प्रसंगाला आपण ‘पुरोगामी वळण’ असे म्हणतो आणि पुढे जातो. पण बाईंनी तो सांगितला आहे कसा? सोवळ्याच्या दिवसांतल्या स्वतःची त्या खुशाल टिंगल करतात; मात्र वडिलांचे व्यंगचित्र करीत नाहीत. सोवळे सोडल्याचा त्यांना गर्व नाही आणि पाळल्याची लाज नाही. एका टोकाचे सोवळे टाकून दुसऱ्या टोकाचे, सुधारकी सोवळे त्यांनी नेसले नाही. हे अवघड आहे. जो माणूस स्वतःच्या हिमतीवर बदलतो त्याला आपला बदल जपावा लागतो, मागच्यांना हिणवावे लागते. आपण बदललो नाही, आपल्याला कोणीतरी बदलले, असे ज्याला वाटते त्याला फुशारकी मारायला जागाच राहत नाही.

टिळकांबद्दलही तेच. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे मोठे कवी, मोठ्या मनाचे आणि संसारात अत्यंत त्रासदायक गृहस्थ. रागाच्या भरात घर सोडून जाणारे, घरखर्चाचे पैसे भलत्याच गोष्टींवर घालवणारे, न विचारता घरात माणसे आणून ठेवणारे. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या नोकरीवर पाणी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. बाईंनी यातले काही झाकले नाही आणि कशाचा सूडही घेतला नाही. आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराची एक जुनी खोड आहे : ते हिशेबवही असते. कोणी माझे किती देणे लागतो आणि मी कसा कोणाचेच लागत नाही, हे सिद्ध करण्यासाठी ते लिहिले जाते. ‘स्मृतिचित्रे’त ही वहीच नाही. कृपा या शब्दाचा रोकडा अर्थ हाच की देणे माफ झाले. ज्याचे देणे परस्पर फिटले त्याला कनवटीला वही बाळगावी लागत नाही. त्याचे हात मोकळे असतात. त्या मोकळ्या हातांनी बाईंनी काय केले तेही पाहावे. प्लेगच्या साथीत आजारी मुलींची शुश्रूषा केली, पोरकी मुले वाढवली, आणि १९१९ मध्ये टिळक वारल्यानंतर त्यांच्या अपुऱ्या ‘ख्रिस्तायना’चे बहुतेक अध्याय लिहून काढले. लग्नानंतर अक्षरओळख पक्की झालेल्या बाईने ओवीबद्ध महाकाव्य पुढे नेले, याचे कौतुक करताना आपण ‘अशिक्षित असूनही’ असे म्हणतो. तो ‘असूनही’ आपला आहे, बाईंचा नाही. त्यांना आपले अपुरेपण ही लपवण्याची वस्तू वाटत नव्हती. ते मांडूनच त्या कामाला बसत.

आमच्यातला दुसरा, वारकरी घरातला, येथे एक भर घालू इच्छितो. परंपरा सांगते की तुकोबांनी आपल्या वाट्याचे कर्जखतांचे कागद इंद्रायणीत बुडवले. देवाजवळ दीन होणारा हा वाणी लोकांजवळची आपली येणी सोडून देतो. दैन्य देवापुढे आणि माफी कुळांना, असा हा क्रम आहे. कुळांना दैन्याचा उपदेश आणि देवापुढे आपली प्रतिष्ठा, असा नाही. आपण तुकोबांच्या वाटेनेच ख्रिस्तापाशी आलो असे टिळक सांगत, ते केवळ सौजन्य नव्हते. वाट खरोखरच तेथून जाते. म्हणून ‘स्मृतिचित्रे’तली कृपा मराठी वाचकाला परकी वाटते म्हणून सुटली, ही सबब आम्हांला मान्य नाही. ती ओळखीची होती. आपण ती अभंगात शिकवतो, भक्तिरस म्हणून. आत्मचरित्रात दिसली की डोळे मिटतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप वाङ्मयीन. विनोद हा स्वभावाचा भाग. कितीतरी परम श्रद्धाळू माणसे कमालीची रुक्ष असतात. मग श्रद्धेला श्रेय कशाला? आक्षेपात तथ्य आहे. हसण्याची ताकद बाईंना स्वभावाने दिली, हे आम्ही मान्य करतो. परंतु ते हसू कोणाकडे वळावे, हे स्वभाव ठरवत नाही. तीच ताकद कुचेष्टेतही खर्च होऊ शकली असती, आणि त्यांच्याजवळ कुचेष्टेला कारणे भरपूर होती.

दुसरा आक्षेप बुद्धिवाद्यांचा. श्रद्धा ही दुबळ्यांची कुबडी. याचे सर्वांत धारदार रूप नीत्शेच्या ‘अँटीख्राइस्ट’मध्ये आहे, ते त्याने १८८८ मध्ये लिहिले आणि ते छापले गेले १८९५ मध्ये, म्हणजे नेमके टिळकांच्या बाप्तिस्म्याच्या वर्षी. त्याच्या मते दुबळ्यांनी आपल्या दुबळेपणालाच सद्गुण ठरवून बलवानांवर सूड उगवला, तो हा धर्म. नीत्शेचे नाक तीक्ष्ण होते. असा सूड धर्माच्या नावाखाली उगवला जातो, आणि नम्रतेच्या बुरख्याआड दुसऱ्याला छोटे करणारी माणसे आम्ही प्रार्थनामंदिरांतही पाहिली आहेत, भजनी मंडळांतही. परंतु मग नीत्शेचीच कसोटी लावा. सुडाचा दर्प कोठे येतो ते पाहा. ‘स्मृतिचित्रे’च्या पानांत तो येत नाही. ज्या पुस्तकात तो यायला हवा होता तेथे तो नसेल, तर त्याचे कारण शोधणे हे बुद्धिवाद्याचेही कर्तव्य ठरते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर, आणि तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. भारतातल्या ख्रिस्ती धर्मांतरितांच्या स्थितीविषयी लिहिताना त्यांनी विचारले आहे की, धर्म बदलूनही अस्पृश्य अन्यायाविरुद्ध उभा का राहिला नाही? त्यांचे एक उत्तर असे की, तुझी अवनती चुकीच्या समाजरचनेमुळे आणि धर्मव्यवस्थेमुळे झाली असे मिशनऱ्याने त्याला सांगायला हवे होते. त्याऐवजी ती तुझ्या पापामुळे झाली असे सांगितले. शिवाय जात चर्चच्या दाराशी थांबली नाही, आतही आली, हेही त्यांनी निक्षून मांडले. यावर आमच्याजवळ बचाव नाही आणि आम्ही तो करूही इच्छित नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती बाहेरच ठेवले गेले. अशा माणसापुढे उभे राहून ‘दुर्बलतेतच सामर्थ्य आहे’ असा उपदेश करणारा पाळक कोणाची बाजू घेत असतो हे सांगायला नको. बाबासाहेबांचा प्रहार बरोबर त्या द्वितीयपुरुषावर पडतो. आमचे म्हणणे एवढेच की, त्या प्रहारानंतरही प्रथमपुरुष शिल्लक राहतो, आणि तो निष्क्रिय नसतो.

पुरावा म्हणून पंडिता रमाबाईंकडे पाहावे. १८७६-७७ च्या दुष्काळाच्या सुमारास आईवडील आणि बहीण गेली, पुढे भाऊ गेला, पतीही गेला. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि लगेच तेथल्या धर्माधिकाऱ्यांशी त्यांचा पत्रव्यवहारातून झगडा सुरू झाला. नव्या ख्रिस्ती बाईने नम्र असावे, वडीलधाऱ्यांचे ऐकावे, अशी अपेक्षा होती. रमाबाई देवापुढे नम्र होत्या, आणि म्हणूनच बिशपांपुढे होईनात. माझी सदसद्विवेकबुद्धी मी कोणाच्या ताब्यात देणार नाही, ही त्यांची भूमिका त्या पत्रांतून पुन्हा पुन्हा येते. इकडे पुण्यात १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेणारे जोतीराव फुले होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. फुल्यांना त्यांच्यात दुबळी अनाथ विधवा दिसली नाही.

पुढे स्वतः रमाबाईंनीच आपल्या साक्षीत सांगितले की, बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. आपल्या बळावर काही होत नाही हे कळले तेव्हा तो मिळाला. विदुषी म्हणून कलकत्त्यात गौरवलेली बाई हे लिहिते. आणि त्या कबुलीनंतर ती स्वस्थ बसत नाही. १८९६ पासूनच्या दुष्काळांत ती शेकडो मुली-बायकांना उचलून केडगावला आणते, कारण दुष्काळात मुलीचे काय होते हे तिला स्वतःच्या पायांनी ठाऊक आहे. उपाशी मुलींना तिने उपासातल्या कृपेवर प्रवचन दिले नाही. अन्न दिले, अक्षर दिले, छापखाना दिला. त्याच मुक्ती मिशनच्या छापखान्यासाठी तिने हिब्रू आणि ग्रीकवरून सारे बायबल मराठीत आणले, संस्कृतप्रचुर भाषा जाणीवपूर्वक टाळून. संस्कृतची पंडिता ही, आपले सर्वांत मोठे बळ तिने बाजूला ठेवले. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. भाषांतराचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या, त्या काम हातावेगळे करूनच.

याला कोणी सोशिकपणा म्हणत असेल तर त्याने शब्दकोश बदलावा.

तेव्हा आमचे भांडण दोन आघाड्यांवर आहे. एक, व्यासपीठावरच्या धडधाकट मंडळींशी. विश्वास ठेवा म्हणजे आजार जाईल, कर्ज फिटेल, गाडी येईल, असे सांगणारे आणि सोसा म्हणजे स्वर्ग मिळेल असे सांगणारे आम्हांला एकाच माळेचे मणी वाटतात. पहिले काटा नाकारतात, दुसरे दुसऱ्याच्या पायातला काटा पवित्र करतात. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईला करिंथकरांस पत्र वाचून दाखवणारा माणूस पौलाचा वारस नाही. तिच्यासाठी आधी दार उघडावे. वचन वाचायचे की नाही ते ती तिच्या वेळी, तिच्या तोंडाने ठरवील.

दुसरी आघाडी आमच्याच बिरादरीशी. आपण मराठीचे अध्यापक पाश्चात्त्य समीक्षेतल्या संज्ञा बिनदिक्कत वापरतो, विरेचनापासून विरचनेपर्यंत. पण ‘कृपा’ हा शब्द समीक्षेत आला की आपल्याला संकोच होतो. धर्मनिरपेक्षता म्हणजे धर्माकडे पाठ करणे, अशी आपली सोयीस्कर समजूत आहे. त्यातून नुकसान होते ते वाङ्मयाचे. फादर स्टीफन्सच्या १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’चा भाषाविषयक गौरव आपण पाठ करतो आणि ते पुराण कशासाठी लिहिले गेले हे विचारत नाही. २०२० मध्ये धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, फादर फ्रान्सिस दिब्रिटो संमेलनाध्यक्ष झाले तेव्हा वाद झाला तो त्यांच्या झग्यावर. त्यांच्या लेखनावर कितीसा झाला? ख्रिस्ती लेखक चालतो, त्याचे मराठी चालते, त्याचा ख्रिस्त मात्र उंबऱ्याबाहेर ठेवून यावा. हेही एक सोवळेच म्हणायचे.

विश्वास ठेवावा असा आमचा आग्रह नाही. आमच्यातल्या दुसऱ्याने बाप्तिस्मा घेतलेला नाही आणि घेणारही नाही; पहिल्याने त्याला कधी सुचवलेलेही नाही. आग्रह आहे तो नीट वाचण्याचा. पुस्तक ज्या बळावर उभे आहे ते बळ लेखिका स्वतः ज्या नावाने ओळखते ते नाव तरी वाचकाने उच्चारावे. मग पटले नाही तर खुशाल वाद घालावा.

आवाज गेलेल्या मित्राबद्दल एवढेच की, तो आजही हलक्या आवाजात शिकवतो. त्याला बळ मिळाले का, हे दुसऱ्याने सांगण्यासारखे नाही आणि तो फारसे सांगत नाही. एकदा मात्र म्हणाला की, आवाज होता तेव्हा मी वर्गात ऐकत नव्हतो. आम्ही यावर भाष्य करीत नाही. ते त्याचे वाक्य आहे, आणि ते त्याच्याच तोंडी शोभते.

त्या मुलीने पदवी घेतली आणि ती गेली. तिला द्यायचे राहिलेले उत्तर आता देतो. बाई हसू शकल्या, कारण आपण कोण आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांच्यावर उरली नव्हती. ती जबाबदारी कोणी उचलली असे त्यांना वाटत होते, ते पुस्तकात लिहिलेले आहे. आम्ही ते तुझ्याकडून मोठ्याने वाचून घेतले, आणि त्यावर प्रश्न मात्र कधी विचारला नाही. चूक आमची.